खटका हातात धरून

“अण्णा, पाणी संपलं. खाली रस्त्याच्या कामावरच्या माणसांची खोपी आहे, तिथं बघून येते,” वेणू म्हणाली.

मी मान हलवली. माझ्या मांडीवर रुमाल पसरलेला होता आणि त्यावर गिअरचा खटका उघडून ठेवलेला होता. आधी स्क्रू, मग टोपी, मग पातळ वायसर, मग पत्र्याची चकती. ज्या क्रमानं काढलं त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडं. मला डोळ्यांनी दिसत नाही. काचबिंदूनं माझी नजर हळूहळू नेली. माझी पोरगी वेणू शाळेत जायला लागली तेव्हा मला तिची रिबीन दिसायची, ती सातवीत गेली तेव्हा नुसता उजेड आणि अंधार कळायचा, आणि नंतर तोही गेला. पण बार्शीत माझं सायकलचं दुकान होतं, आणि नजर गेल्यावरही ते मी चालवत होतो. बोटांना सगळं ठाऊक होतं.

ही सायकल मीच जोडलेली. दोन जुन्या सायकली कापून, माझ्या चुलतभावाकडून वेल्डिंग करून घेऊन एक लांब सायकल केली. पुढं वेणू, मागं मी. हँडल तिचं आणि गिअर माझे. खटका मी मुद्दाम माझ्या न वळणाऱ्या हँडलला बसवला होता. पुढच्यानं रस्ता बघायचा, मागच्यानं चढ ओळखायचा. चढ मला मांड्यांना कळायचा, तिच्याही आधी.

त्या दिवशी आम्ही तिच्या मामाकडं निघालो होतो, बालाघाटच्या डोंगरापलीकडं. मे महिना होता. वेणूला सोलापूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि ती जायला तयार नव्हती. मी सांगून थकलो, तिची आई सांगून थकली. शेवटचा उपाय म्हणून मामा. वेणूचं एकच उत्तर असायचं, मग पुढं कोण बसणार? तिला वाटायचं, ती गेली की मी दुकानातल्या स्टुलावरून उठणारच नाही. वाटेतही आमचं तेच चाललं होतं.

वाघदऱ्याच्या घाटाचं रुंदीकरण चालू होतं. गाड्यांना रस्ता बंद होता, पण सायकल कुठूनही जाते म्हणून आम्ही त्याच वाटेनं आलो. सगळीकडं मुरूम पसरलेला, त्याचं पीठ झालेलं. चाक घोट्याएवढ्या फुफाट्यात रुतायचं. अर्ध्या घाटात खटका अडकला. हलक्या गिअरवर येईना. मी थांबायला सांगितलं. वेणूनं सायकल एका कड्याखाली सावलीला लावली.

फुफाटा आत शिरला होता. अशा वाटेवर साखळीला ग्रीस लावायचं नसतं, सगळी धूळ तिलाच चिकटते. ग्रीस लावायचं ते खटक्याच्या कण्याला, टोपीच्या आतल्या कडेला, आणि वायर नळीत शिरते त्या तोंडाशी गच्च भरायचं. म्हणजे धुळीला आत यायला जागा राहत नाही. वायसरला मात्र ग्रीसचं बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर खटका घसरतो, गिअर धरून ठेवत नाही. मी नेहमी डबी बरोबर ठेवायचो. ती उघडून मी कण्याला बोट लावलं होतं, एवढ्यात वरून आवाज आला.

आधी मला वाटलं, लांब कुठंतरी इंजिन चालू झालं. मग तो आवाज खाली यायला लागला. वर कड्याला आग्या मोहोळ असणार. माश्या कशानं उठल्या कोण जाणे, घारीनं झडप घातली असेल. पहिली माशी मानेवर बसली तेव्हा मला कळलं.

“वेणू, माश्या. खोपीत पळ,” मी ओरडलो. तिचे पाय उतारावर धावताना ऐकू आले.

मी जिथं होतो तिथंच पालथा झालो. तोंड मातीत घातलं, हातांनी कान झाकले. पळणार कुठं? एका बाजूला दरी होती, दुसऱ्या बाजूला कडा. मांडीवरचा रुमाल उलटला, ते कळलं. मान, पाठ, हात. प्रत्येक डंख तापलेल्या खिळ्यासारखा. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि आवाज केला नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग माझ्या अंगावर काहीतरी जड पडलं. खरखरीत, सिमेंटच्या वासाचं. आणि त्यावर वेणू. तिचं वजन माझ्या पाठीवर आलं. ती ताडपत्रीच्या कडा खाली दाबत होती आणि तिच्या अंगावर माश्या पडत होत्या, पावसाच्या टपोऱ्या थेंबांसारखा आवाज ताडपत्रीवर होत होता. आत ये, मी म्हणालो. ती अर्धीच आत आली. तिचा श्वास माझ्या कानाशी होता.

बऱ्याच वेळानं आवाज वर वर गेला आणि विरला.

मी ताडपत्री बाजूला केली. वेणू उठून बसली. मी तिला हाक मारली तर ती आहे म्हणाली, पण तिचा आवाज जाड झाला होता, तोंडात घास असल्यासारखा.

“अण्णा, मला दिसेना.”

मी हात पुढं केला. तिचा चेहरा माझ्या हातांना सापडला आणि ओळखू येईना. पापण्या फुगून गोळा झाल्या होत्या, ओठ जाड, कानाच्या पाळ्या गरम. केसांत, कपाळावर, मानेवर बारीक काटे लागत होते. डंख. हात फिरवावा तिथं डंख. मी एकेक काढायला लागलो, तर तिला कोरडी ओकारी आली. मग ती म्हणाली, छातीवर कुणीतरी बसलंय. अंगावर चट्टे उठत होते, माझ्या बोटांखाली ते वाढताना कळत होते.

आमच्या गल्लीतला एक गवंडी गांधीलमाश्या चावून गेला होता. सकाळी कामावर गेला आणि जेवणाच्या वेळेच्या आत संपला. घसा बंद झाला होता त्याचा. मला ते आठवलं.

मी हाका मारल्या. कुणी आहे का? कड्यावर आवाज आपटून परत आला. कामावर कुणी नाही, वेणू म्हणाली. अमावास्या होती, काम बंद. मागं पायथ्यापर्यंत वस्ती नाही, हे मला ठाऊक होतं. वर घाट संपला की मांजरखेड, तिथं सरकारी दवाखाना. म्हणजे वरच जायला हवं होतं.

“उठ, चालता येतं का बघ.”

ती उठली, चार पावलं टाकली असतील, आणि बसली. पाय नाहीत असं वाटतं, म्हणाली.

मी सायकल चाचपली. उभी होती. खटका उघडा होता, वायर ढिली, साखळी सगळ्यात लहान चक्रावर. त्या गिअरवर दोघांनी मारूनही तो चढ चढला नसता, आणि आता मारणारा मी एकटा होतो. साखळी हातानं मोठ्या चक्रावर चढवली तर पेडल फिरवताच ती खाली घसरायची. खटका जोडल्याशिवाय इलाज नव्हता. आणि खटक्याचे भाग फुफाट्यात पडले होते.

मी गुडघ्यांवर बसलो. जिथं माझी मांडी होती तिथून तळव्यांनी माती चाळायला लागलो. फुफाटा म्हणजे पीठ. त्यात हात घातला की वस्तू आणखी खाली जाते. माझ्या बोटांना ग्रीस लागलेलं, त्याला खडे चिकटले, आणि मला बोटांनी काही कळेनासं झालं. आयुष्यात पहिल्यांदा माझी बोटंही आंधळी झाली. मी ती धोतरावर पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. मागं वेणू श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. मी तिला बोलत राहायला सांगितलं. काय बोलू, म्हणाली. काहीही बोल. मग ती पाढे म्हणायला लागली, लहानपणी मी दुकानात तिच्याकडून म्हणून घ्यायचो तसे. तेवीसच्या पाढ्याला अडखळली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

टोपी सापडली. स्क्रू सापडला. चकती रुमालाच्या घडीतच होती. वायसर सापडेना.

मी शोधत राहिलो. पातळ, पैशाएवढी वस्तू. ती नसली तर खटका कुठंच थांबत नाही, सोडला की स्प्रिंग ओढून घेते आणि गिअर पुन्हा जड. पाढ्यांचा आवाज बारीक झाला तेव्हा मी वायसरचा नाद सोडला.

भागांना रेती लागलेली होती. पाणी नव्हतं. मी ते एकेक तोंडात घातले, जिभेनं चोळले, थुंकलो, पुन्हा चोळले. दातांखाली खडा करकरला की कळायचं, अजून आहे. तोंडात माती, ग्रीस आणि लोखंडाची चव. मग कण्याला ग्रीस लावलं, टोपीच्या कडेला लावलं, वायरच्या तोंडात डबीतलं उरलेलं सगळं भरलं. वर अजून तसलाच फुफाटा होता. मध्येच पुन्हा अडकला असता तर दुसऱ्यांदा उघडायला वेळ नव्हता. स्क्रू आवळला. सीटखाली खांदा देऊन मागचं चाक उचललं, एका हातानं पेडल फिरवलं, दुसऱ्यानं खटका ओढला. साखळी एकेक पायरी चढत मोठ्या चक्रावर गेली. खटका सोडला, तशी खाली आली. पुन्हा ओढला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

“वेणू, तुला थोडं तरी दिसतं का?”

ती म्हणाली, डावी पापणी हातानं वर केली तर फट दिसते.

“मग बस पुढं. एक हात हँडलला, एक पापणीला. मारू नकोस तू. मी मारतो.”

मी तिला धरून पुढच्या सीटवर बसवलं. तिच्या ओढणीनं तिची कंबर सीटच्या दांडीला बांधली. मागं बसलो, खटका ओढून अंगठ्याखाली दाबला आणि पहिलं पेडल मारलं.

सायकल जेमतेम चालत होती. इतकी हळू की पडणार असं प्रत्येक फेरीला वाटायचं. ती डावीकडं, उजवीकडं म्हणायची आणि मी अंग त्या बाजूला झुकवायचो. माझा अंगठा दुखायला लागला, मग बधिर झाला. मी दुसरा हात त्यावर आणला आणि दोन्ही हातांनी खटका धरला. खड्ड्यात चाक गेलं की फुफाट्याचा लोट तोंडावर यायचा. खटका घट्ट राहिला. आत खडा गेला नाही.

एका वळणावर तिनं विचारलं, “अण्णा, मी मरणारे का?”

“दवाखाना जवळ आला,” मी म्हणालो. मला काय ठाऊक होतं किती जवळ आला ते?

त्यानंतर ती बाजू सांगताना चुकायला लागली. डावीकडं म्हणायची आणि हँडल उजवीकडं वळायचं. मग नुसतंच हं, हं करायची. शेवटी तिचं डोकं हँडलवर आदळल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघं सायकलसकट कलंडलो. नशीब, डोंगराच्या बाजूला.

मी ओढणी सोडली. तिला हलवलं. अंग थंड आणि घामानं भिजलेलं. नाकाशी हात धरला, श्वास होता, पण धाग्याएवढा. मी तिला पाठीवर घेतलं. सायकल तिथंच सोडली. रस्ता कुठं, दरी कुठं? पायानं चाचपलं. कामावरच्या माणसांनी डोंगराच्या कडेनं खडीचे ढीग टाकून ठेवले होते, एकापुढं एक. डावा पाय त्या ढिगांना लावत मी चढायला लागलो. ढीग संपला की पुढचा लागेपर्यंत जीव मुठीत. चप्पल कधी गेली कळलं नाही. मी तिला सारखा हाक मारत होतो. ती ओ देत नव्हती.

एक वेळ अशी आली की पुढचा ढीग लागेना. मी उभा राहिलो. कुठल्याही बाजूला पाऊल टाकायची हिंमत होईना, आणि पाठीवरचा श्वास ऐकू येईना. मी खाली बसलो. खरं सांगायचं तर मी तिथं सगळं सोडून दिलं होतं. देवाचं नावही घेतलं नाही. नुसता बसून होतो, तिचे दोन्ही हात माझ्या गळ्यात धरून.

तेव्हा शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली. आणि एक बाई शेळीला शिव्या देत होती.

मी ओरडलो. ती बाई आली, आणि आम्हाला बघून थबकली असावी. मग म्हणाली, “पोरीचं काय झालं हो? आन् तुमी असं दरीकडं तोंड करून का बसलाव?”

माश्या, मी म्हणालो. मला दिसत नाही. दवाखान्यात न्या.

तिनं आणखी काही विचारलं नाही. वेणूचे पाय तिनं धरले, खांदे मी धरले. ती पुढं, मी मागं, वेणू मध्ये. शेळ्या तिनं तिथंच सोडल्या. चढ संपला होता, मला ते कळलंही नव्हतं. मांजरखेड जवळच होतं. त्या बाईचं नाव गोदाबाई. पुढं ती हयात असेपर्यंत दिवाळीला आमच्या घरून तिला लुगडं जायचं.

दवाखान्यात डॉक्टर होते, हे आमचं भाग्य. त्यांनी वेणूच्या मांडीत इंजेक्शन दिलं, पाय उंच करायला लावले, सलाईन लावलं. मला बाजूला बसवून माझ्या अंगातही सुई टोचली. मी एकच विचारलं, जगेल का? डॉक्टर म्हणाले, थांबा जरा. मग त्यांनी दुसरं इंजेक्शन भरायला सांगितलं.

मी तिच्या उशाशी बसून राहिलो. काय करावं सुचेना, म्हणून तिच्या केसांतले डंख काढायला लागलो. नखानं खरडून एकेक. नर्सबाई म्हणाल्या, तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले सापडतात, काढा. वाटीत टाकत गेलो. सगळी दुपार तेच केलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिच्या श्वासातली शिट्टी थांबलेली माझ्या लक्षात आली. मी नर्सबाईंना हाक मारली, घाबरून. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, झोपलीय ती. साधी झोपलीय.

तेव्हा मी रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मामाला निरोप गेला, तो जीप घेऊन निघाला होता. वेणूच्या पापण्या अजून मिटलेल्याच होत्या, पण बोलायला लागली होती. मी तिला चमच्यानं चहा पाजत होतो. रात्रभर मला एक गोष्ट टोचत होती. ती ताडपत्री आमची नव्हती.

“वेणू, ताडपत्री कुठून आणलीस?”

“खोपीतून.”

“म्हणजे तू खोपीत पोचली होतीस.”

“हो. आत जाऊन दार लावून घेतलं होतं.”

“तुला किती चावल्या होत्या तोपर्यंत?”

“दोन-तीन. फार नाही.”

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. मी तिला विचारलं, मग परत का आलीस. मी तुला पळ म्हणालो होतो. त्यानंतर जीव गेला तरी तोंडातून आवाज काढायचा नाही, असं ठरवून दात आवळून पडलो होतो. एक हाक गेली असती तर तू आली असतीस. तू येऊ नयेस म्हणूनच गप्प राहिलो. हे सगळं मी तिला सांगितलं.

“ते मला काय ठाऊक?” ती म्हणाली. “मी दाराला कान लावून उभी होते. तुम्ही ओरडत असता तर मला कळलं असतं की आहात. मी मागच्या बाजूनं माणसं शोधायला गेले असते. काहीच ऐकू येईना, अण्णा. मग कशी थांबणार?”

मी तिचा हात धरून बसलो. तो अजून सुजलेला होता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, सायकल कुठंय. पडलीय घाटात, मी म्हणालो. राहू दे.

मामा आला, आम्हाला घेऊन गेला. त्यानं सोलापूरचा विषय काढायच्या आधीच वेणू म्हणाली, मी जाते. आम्ही सगळे थक्क झालो. मला वाटलं, घाबरली म्हणून म्हणते. तसं नव्हतं. त्या दवाखान्यात सुई टोचणारे हात तिला आवडले होते, हे तिनं नंतर तिच्या आईला सांगितलं. पण मला तिनं एकटं गाठून एक अट घातली.

“तुम्हाला काही झालं, दुखलं, खुपलं, तर मला सांगायचं. पोरगी लांब आहे, तिला कशाला त्रास, असं करून गप्प बसायचं नाही. बसणार असाल तर मी जात नाही.”

मी कबूल केलं. जूनमध्ये ती सोलापूरला गेली.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. वेणू नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात आहे, तिच्या हाताखाली पंधरा-वीस मुली आहेत, तिचा स्वतःचा मुलगा कॉलेजात जातो. दुकान मी अजून थोडं थोडं बघतो. ती अट पाळणं मला फार जड गेलं. बापाच्या तोंडून ते शब्द निघत नाहीत. साधा ताप असो, पडणं-लागणं असो, फोनवर मी सगळं ठीक आहे असंच म्हणत आलो, आणि ती आवाजावरून ओळखून रागवत आली.

गेल्या थंडीत एका सकाळी माझा डावा हात जड झाला आणि छातीत कळ आली. वेणूची आई देवळात गेली होती. मी खाटेवर बसलो. कळ येत होती, जात होती. शेजाऱ्याला हाक मारली, त्यानं फोन लावून दिला. तिकडून ती म्हणाली, बोला अण्णा, कसे आहात?

“वेणू,” मी म्हणालो, “ये.”